आधी चालीचं नाव वाचा: जुनी आयरिश गाण्यांची पुस्तकं कशी उघडावीत

आतल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'पहिली आवृत्ती, १८०७'. डब्लिनमधलं माझं दुसरंच वर्ष. जुन्या पुस्तकांच्या दुकानात मी निमूटपणे साठ युरो मोजले, ते जाडजूड बाड पिशवीत घातलं आणि त्याच संध्याकाळी आमच्या गायनवृंदाच्या तालमीला मिरवत घेऊन गेले. मी तिथे पियानोची साथ करते. आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर बाईंनी बाड हातात घेतलं, मधलंच एक पान दिव्यासमोर धरलं, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "अगं, हा कागदच १८१७ सालचा आहे."

साठ युरो गेले ते गेलेच. त्यानंतरच्या नऊ वर्षांत अशी पुस्तकं कशी हाताळायची, हे मात्र मी शिकले. ते इथे लिहून ठेवते आहे. गाणं थोडंफार येणाऱ्या, एखादं वाद्य वाजवणाऱ्या, पण या पुस्तकांपुढे बुजणाऱ्या कुणालाही ते उपयोगी पडावं.

माझ्या हातातलं बाड होतं 'आयरिश मेलडीज'चं. शब्द थॉमस मूरचे. हा डब्लिनच्या आँजियर स्ट्रीटवरच्या किराणा दुकानदाराचा मुलगा, जन्म १७७९. चाली जुन्या आयरिश, आणि पियानोची साथ लिहिलेली सर जॉन स्टीव्हन्सन यांनी. १८०८ ते १८३४ या काळात हे दहा भागांत निघालं, प्रत्येक भागात बारा गाणी आणि शेवटी चार गाण्यांची पुरवणी, म्हणजे एकूण १२४. प्रकाशक दोघे भाऊ: विल्यम पॉवर डब्लिनच्या वेस्टमोरलंड स्ट्रीटवर आणि जेम्स पॉवर लंडनच्या स्ट्रँडवर. मूरला या कामाचे वर्षाला ५०० पौंड मिळत. त्या काळी कवीला एवढे पैसे मिळणं म्हणजे चैनच.

हातात नक्की काय आहे?

सुरुवात इथूनच करा, कारण 'मूरचं जुनं पुस्तक' या नावाखाली तीन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली म्हणजे मूळ भाग: उभी मोठी पानं, त्यांवर स्वरलिपी, गाण्याखाली उरलेली कडवी आणि तळटिपा. पहिल्या सात भागांवर साथीसाठी स्टीव्हन्सनचं नाव असतं. आठव्यापासून लंडनच्या प्रतींवर संगीतकार हेन्री बिशपचं नाव येतं. हे नाव आधी बघा, अर्ध्या मिनिटात भागाचा अंदाज येतो. माझ्यासारखी बाडं बहुतेकदा वेगवेगळे भाग घरीच विकत घेऊन नंतर एकत्र बांधलेली असतात. त्यामुळे एकाच पुठ्ठ्यात दहा-दहा वर्षांच्या अंतरानं छापलेला कागद सापडला तर दचकू नका.

दुसरी म्हणजे नुसत्या शब्दांची पुस्तकं. सगळ्यात देखणी १८४६ची, डॅनियल मॅक्लिसच्या चित्रांची. प्रत्येक पानाला कोरीव चौकट, वेली, वीणा (आपली नव्हे, हार्प), देवदूत. बघायला सुरेख, पण गायला निरुपयोगी. त्यात एकही सूर नाही.

तिसरी म्हणजे नंतरच्या संगीतकारांनी नव्यानं साथ लिहिलेल्या आवृत्त्या. १८५९मध्ये बाल्फनं केली, १८९५मध्ये चार्ल्स व्हिलियर्स स्टॅनफर्डनं. स्टॅनफर्डच्या मुखपृष्ठावर मूळ चाली पूर्ववत केल्याचा दावा आहे. त्याबद्दल पुढे बोलू, कारण तो दावा वाटतो तितका सरळ नाही.

साल कसं ओळखायचं

मी १८०७ला फसले, आणि ती चूक काही एकट्या दुकानदाराची नव्हे. पहिल्या भागाच्या सुरुवातीला मूरनं स्टीव्हन्सनला लिहिलेलं पत्र छापलं आहे, त्यावर फेब्रुवारी १८०७ अशी तारीख आहे. संगीताच्या पुस्तकांवर तेव्हा छपाईचं साल क्वचितच टाकत. मग माणूस काय करणार, जी तारीख दिसेल ती उचलतो. पुस्तक प्रत्यक्षात बाहेर आलं १८०८मध्ये.

आता तो कागदाचा खेळ. पान खिडकीच्या काचेला टेकवू नका, ओल लागते. उजेडाकडे तोंड करून हातात सरळ धरा, नाहीतर मागे मोबाईलचा टॉर्च लावा. कागद बनवतानाच त्यात दाबलेली खूण, म्हणजे जलचिन्ह, फिकट अक्षरांत उमटते: गिरणीवाल्याचं नाव आणि अनेकदा साल. कागदावर साल घालायची सवय ब्रिटनमध्ये करामुळे लागली. १७९४च्या कायद्यानं निर्यातीच्या कागदावरची सवलत साल घातलेल्या कागदालाच मिळे. ती अट १८११मध्ये उठली, तरी बऱ्याच गिरण्यांनी साल घालणं चालूच ठेवलं. एका पानावर अर्धंच अक्षर दिसलं, तर दुमडीच्या पलीकडचं पान बघा, उरलेला अर्धा तिथे असतो.

जलचिन्हावरून एवढंच कळतं की छपाई त्या सालाच्या आधीची नाही. किती नंतरची, ते कळत नाही. ही गाणी धातूच्या पत्र्यांवर ठोकून छापली जात, आणि तोच पत्रा पुढे वर्षानुवर्षं वापरला जाई. स्वरांच्या रेघा पुसट, कडा खरबरीत, कुठे पत्र्याला गेलेली चीर काळ्या केसासारखी उमटलेली, असं दिसलं तर ती उशिराची छपाई समजा. माझ्या बाडात दुसऱ्या भागाच्या एका पानावर अशी चीर थेट 'सा'मधून गेली आहे. मला ती आता आवडते.

आणि एक: काही चिकटवू नका. फाटलेल्या पानावर कुणीतरी सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी लावलेली पट्टी पिवळी होऊन माझ्या दोन पानांवरचे शब्द खाऊन बसली आहे. खुणा करायच्याच असल्या तर मऊ पेन्सिलीनं.

खरी चावी कुठे आहे

साल, कागद, प्रकाशक हे सगळं हौशी माणसाचं काम. पुस्तक गातं करायचं असेल तर नजर दुसरीकडे न्यायला हवी.

आमच्या घरी आजोबांची संगीत नाटकांची जुनी पुस्तकं होती. प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात 'चाल :' आणि पुढे कुठल्यातरी दुसऱ्याच गाण्याचे दोन शब्द. लहानपणी मला ती ओळ फालतू वाटायची. आजोबा मात्र पद वाचायच्या आधी तीच वाचायचे, पेटीवर दोन सूर लावायचे आणि मगच खाली उतरायचे. मूरचं पुस्तक पहिल्यांदा नीट उघडलं तेव्हा मला नेमकं तेच दिसलं. प्रत्येक गाण्याच्या वर 'एअर', आणि पुढे एक विचित्र नाव.

ते नाव आधी वाचा, शब्द नंतर. मूरनं शब्द चालीसाठी लिहिले, चाल शब्दांसाठी नव्हे. पुस्तकाच्या लेखी चाल जुनी आहे, शब्द कालचे आहेत.

ही नावं डोळ्यांनी वाचून कळत नाहीत, कारण ती आयरिश भाषेतली नावं इंग्रजी कानानं ऐकून लिहिलेली आहेत. मोठ्यानं म्हणा. 'द हार्प दॅट वन्स थ्रू टाराज हॉल्स' या सगळ्यात गाजलेल्या गाण्यावर चाल लिहिली आहे 'ग्रामाक्री'. हळू म्हणा: ग्रा म ख्री. 'माझ्या हृदयाची माया', प्रेमाची हाक. म्हणजे टाराच्या, जुन्या आयरिश राजांच्या, राजवाड्यातली मुकी झालेली वीणा ज्या सुरांवर रडते, ते सूर मुळात कुणीतरी आपल्या प्रिय माणसाला घातलेली साद होते. 'कूलिन' म्हणजे सोनेरी केसांची. 'आयलीन अरून' म्हणजे 'आयलीन, माझे लाडके'. एवढं कळल्यावर गाणं वेगळंच ऐकू यायला लागतं.

नावाचा माग काढायची वाट अशी. पहिला थांबा एडवर्ड बंटिंग. १७९२च्या जुलैत बेलफास्टमध्ये जुन्या वीणावादकांचा मेळावा भरला. दहा आयरिश आणि एक वेल्श वादक आले. त्यांत डेनिस हेम्पसन नावाचे ९७ वर्षांचे आंधळे आजोबा होते, ते धातूच्या तारा वाढवलेल्या नखांनी छेडायचे. त्या सगळ्यांच्या चाली टिपून घ्यायचं काम एकोणीस वर्षांच्या बंटिंगला मिळालं. पोरगा चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा, पण या आवाजानं असा झपाटला की पुढची पन्नास वर्षं त्यातच गेली. १७९६मध्ये त्याचा ६६ चालींचा संग्रह निघाला, १८०९मध्ये दुसरा, १८४०मध्ये तिसरा. मूर ट्रिनिटी कॉलेजात शिकत असताना त्याचा बासरी वाजवणारा मित्र एडवर्ड हडसन यानं त्याला बंटिंगचं ते पहिलं पुस्तक दाखवलं. 'मेलडीज'च्या सुरुवातीच्या कित्येक चाली थेट तिथून उचललेल्या आहेत. बंटिंगला विचारलं नव्हतं, आणि तो ही गोष्ट म्हातारपणापर्यंत विसरला नाही. १८४०च्या प्रस्तावनेत त्यानं तक्रार केली आहे की शब्दांच्या सोयीसाठी चाली वाकवल्या. तक्रार रास्त आहे असं मला वाटतं. मूर नसता तर बंटिंगच्या चाली किती घरांत पोचल्या असत्या, हा प्रश्नही तितकाच रास्त.

बंटिंगमध्ये नाव सापडलं नाही तर अॅलोइस फ्लाइशमान यांचा १९९८चा दोन खंडांचा कोश गाठा. १८५५पर्यंतच्या छापील आणि हस्तलिखित चाली त्यात सुरुवातीच्या सुरांसकट आहेत, एकच चाल किती नावांनी फिरली तेही कळतं. डब्लिनमध्ये मेरियन स्क्वेअरवरच्या आयरिश ट्रॅडिशनल म्युझिक आर्काइव्हमध्ये बसून बघता येतं. किल्डेर स्ट्रीटवरच्या नॅशनल लायब्ररीत वाचकाचं कार्ड फुकट मिळतं, फक्त पेन बाहेर ठेवावं लागतं. बंटिंगची हस्तलिखितं बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत आहेत.

एक गाणं जवळून

'द लास्ट रोझ ऑफ समर' सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. पाचवा भाग, १८१३. उन्हाळ्यातलं शेवटचं गुलाब, सोबतीची सगळी फुलं गळून गेलेली. लग्नात नाही, अंत्ययात्रेत वाजतं. आमच्या वृंदातल्या सोप्रानो, म्हणजे सगळ्यात वरच्या पट्टीतल्या गायिका, ते इतकं संथ घेत की शेवटच्या ओळीपर्यंत माझीच पाकळी गळायची वेळ यायची.

आता वर बघा. चाल: 'द ग्रोव्ह्ज ऑफ ब्लार्नी'. हे एक विनोदी गाणं. कॉर्कच्या रिचर्ड मिलिकेननं ते टवाळीसाठी लिहिलं होतं. कासल हाइडच्या वाड्याची स्तुती करणाऱ्या एका भाबड्या, अवजड शब्दांच्या गाण्याचं ते विडंबन. त्यात ब्लार्नीच्या बागा, पुतळे आणि थाप मारणारे अलंकार यांची रेलचेल. म्हणजे मूरनं हशा पिकवणारी चाल उचलून तिच्यावर एकटेपणा बसवला.

हे कळल्यावर मी तालमीत एक प्रयोग केला, तो तुम्हीही करून बघा. साथ बंद. स्टीव्हन्सनचा सुरुवातीचा वाजवायचा तुकडा वगळून टाका. फक्त गाण्याची ओळ एका बोटानं वाजवा, आणि खुशाल भरभर वाजवा, एखाद्या गप्पिष्ट माणसानं गोष्ट सांगावी तशी. तीन मात्रांचा झोका हाताला लागेपर्यंत पाच-सहा वेळा. मग त्याच झोक्यावर मूरचे शब्द ठेवा. मग हळूहळू लय कमी करा, पण झोका सोडू नका. जिथे झोका तुटतो, तिथून एक पायरी मागे या. तीच तुमची लय.

आमच्या सोप्रानो पहिल्यांदा रुसल्या. "इतक्या घाईत दुःख कसं होणार?" मग त्यांनीच तिसऱ्या कडव्यात आवाज जरा खाली आणला, आणि मागच्या रांगेतल्या कुणीतरी नाक ओढल्याचं मला ऐकू आलं.

खुद्द मूर कसा गायचा, त्याचं वर्णन ऐकणाऱ्यांनी करून ठेवलं आहे. आवाज लहान, स्वतःच पियानोवर हलके सूर धरायचा, आणि गाणं जवळजवळ बोलल्यासारखं म्हणायचा, ताल शब्दांच्या मागे ओढत. म्हणजे छापलेल्या प्रत्येक टिंबाला इमान राखलं तर मूरशीच बेइमानी होते.

साथीचं काय करायचं

स्टीव्हन्सन डब्लिनच्या दोन्ही कॅथीड्रलांत गायलेला माणूस, हाइडनच्या संगीतात मुरलेला. त्याच्या साथीत दिवाणखान्याचा सुगंध आहे. मला त्याचा राग येत नाही, त्या काळी ही पुस्तकं ज्या घरांत गेली तिथे पियानो होता, वीणा नव्हती. पण एक गोष्ट कान देऊन तपासा. जुन्या आयरिश चालींत कोमल निषाद सहज येतो. पियानोच्या साथीला तो टोचतो, म्हणून काही ठिकाणी तो शुद्ध करून टाकलेला आहे. स्टॅनफर्डचा स्टीव्हन्सनवरचा मुख्य राग हाच. मग त्यानं १८९५मध्ये चाली 'पूर्ववत' केल्या, आणि ते करताना स्वतःच्या आवडीनं काही बदलही केले. तेव्हा तिन्ही शेजारी ठेवा: बंटिंग, मूर, स्टॅनफर्ड. ज्या सुरावर तिघे भांडतात तिथे पेन्सिलीनं गोल करा. मी घरी मोबाईलवर नुसता तानपुरा लावून ती ओळ म्हणून बघते. सुरांची भांडणं तानपुऱ्यासमोर पटकन मिटतात.

शब्द आणि तळटिपा

तळटिपा गाळू नका. मूरनं त्या मुद्दाम दिल्या आहेत. 'द मीटिंग ऑफ द वॉटर्स' खाली तो सांगतो की ही जागा विकलो परगण्यात राथड्रम आणि आर्कलोच्या मध्ये आहे आणि १८०७च्या उन्हाळ्यात तिथे जाऊन आल्यावर या ओळी सुचल्या. मी एका रविवारी तिथे गेले. एव्हनमोर आणि एव्हनबेग या दोन नद्या मिळतात, दोन्ही अगदी साध्या. गाण्यात काय आहे ते पाण्यात शोधू नये. (कॉलेज ग्रीनवर मूरचा पुतळा आहे, आणि त्याच्या पायथ्याशी पूर्वी सार्वजनिक शौचालय होतं. डब्लिनकर त्यालाच 'पाण्याचा संगम' म्हणून हसायचे. हे शहर कुणालाही फार वेळ चौथऱ्यावर राहू देत नाही.)

जिथे तळटीप नाही, तिथे जास्त सावध व्हा. पहिल्याच भागात 'ओ ब्रीद नॉट हिज नेम' आहे: त्याचं नाव उच्चारू नका, ते सावलीत निजू द्या. कोणाचं नाव? गाण्यात कुठेच नाही. रॉबर्ट एमेट, मूरचा कॉलेजातला मित्र. १८०३मध्ये इंग्रजी सत्तेविरुद्धचं त्याचं बंड फसलं, त्याच वर्षी २० सप्टेंबरला डब्लिनच्या थॉमस स्ट्रीटवर त्याला फाशी दिली. न्यायालयात त्यानं सांगितलं होतं की माझ्या थडग्यावर कुणी काही लिहू नये. पाच वर्षांनी, तेही लंडनमध्ये विकायच्या पुस्तकात, हे लिहायचं तर नाव न घेताच लिहावं लागणार. वाचणाऱ्याला कळायचं ते कळलंच. 'लेट एरिन रिमेंबर' या गाण्याच्या चालीचं नाव 'द रेड फॉक्स'. मूरनं नंतर लिहिलं आहे की ही चाल तो पियानोवर वाजवत असताना शेजारी बसलेला एमेट एकदम उठून म्हणाला, या चालीवर वीस हजार माणसं घेऊन मला कूच करता आलं असतं तर! म्हणून म्हणते, चालीचं नाव वाचा.

भक्तिगीतांचं पुस्तक

मूरचीच 'सेक्रेड साँग्ज' दोन भागांत निघाली, १८१६ आणि १८२४. प्रकाशक तेच, पान तसंच, म्हणून लोक दोन्ही एकाच मापानं मोजतात. पण गाण्याच्या डोक्यावर बघा. इथे 'ग्रामाक्री' नाही. इथे हाइडन आहे, मोझार्ट, बेथोव्हन, एव्हिसन, खुद्द स्टीव्हन्सन. चाल लोकांकडून नाही, नावाजलेल्या संगीतकारांकडून आली आहे, आणि तळटिपेत बायबलमधला संदर्भ. 'साउंड द लाउड टिंब्रेल' हे बायबलमधल्या मिर्यामचं, मोझेसच्या बहिणीचं, गाणं, समुद्र पार केल्यावर डफ वाजवत नाचणाऱ्या बायकांचं. चाल एव्हिसनची. ते गाणं ठसक्यातच म्हणायचं, इथे मूरसारखं बोलत-बोलत चालणार नाही.

'कम, यी डिस्कॉन्सोलेट' तुम्हाला चर्चच्या भजनांच्या पुस्तकात भेटलं असेल, तर थांबा. अमेरिकेत थॉमस हेस्टिंग्ज यांनी शब्द बदलले आणि तिसरं कडवं काढून दुसरंच घातलं. मूळ शब्दांत 'श्राइन', म्हणजे देवस्थान होतं, तिथे 'मर्सी सीट', म्हणजे दयेचं आसन आलं. मूर जन्मानं कॅथलिक, त्याची बायको प्रॉटेस्टंट. बदल कुठे झाला हे बघितलं की कुठल्या बाकावर बसून तो झाला हेही दिसतं.

हे सगळं चांगलं आहे, पण त्याच काळातलं जे पुस्तक मला जास्त आवडतं, त्यात स्वरलिपी मुळीच नाही. टाइग गेलख ओ सुलावॉनची भक्तिपदं, 'पायस मिसेलनी' या नावानं १८०२मध्ये क्लॉनमेलला पहिल्यांदा छापली गेली आणि पुढे पुन्हा पुन्हा छापली. टाइग गेलख लिमरिककडचा, आयुष्यभर दक्षिणेकडच्या मन्स्टर प्रांतात भटकलेला कवी, १७९५मध्ये वॉटरफर्डच्या चर्चमध्येच वारला. भाषा आयरिश, पण अक्षरं रोमन आणि स्पेलिंग इंग्रजी वाचता येणाऱ्याला जमेल असं. पुस्तक छोटं, स्वस्त, गरिबाच्या खिशातलं. पदं लोकांच्या ओठांवरच्या गाण्यांच्या चालींवर बेतलेली. सूर छापायची गरजच नव्हती, चाल सगळ्यांना पाठ होती.

असं पुस्तक वाचताना शब्दकोश उघडू नका. शब्दकोशात ते शब्द त्या रूपात सापडणारच नाहीत. आधी मोठ्यानं म्हणा, कानाला ओळख पटू द्या, मग आजच्या प्रमाण आयरिशमध्ये लिहून काढा, आणि मग कोश.

माझ्या शेजारच्या बाई वॉटरफर्डमधल्या रिंगच्या, घरी आयरिश बोलत वाढलेल्या. नॅशनल लायब्ररीतल्या एका जुन्या आवृत्तीतलं पान मी वहीत उतरवून आणलं होतं. त्यांनी चष्मा लावला, दोन ओळींवर बोट फिरवलं आणि वही परत दिली. "ही कुठली भाषा? मला नाही येत." मी म्हटलं, मी वाचते, तुम्ही ऐका. माझे उच्चार मराठी, त्यात अडखळत, पण अक्षर न अक्षर म्हटलं: गिल म ख्री द ख्रीशे, अ ह्लानिहोर.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "माझ्या हृदयाचं तेज म्हणजे तुझं हृदय, तारणहारा," त्या इंग्रजीत म्हणाल्या, आणि मग आयरिशमध्ये पुढची ओळ माझ्या आधीच म्हणून टाकली. माझ्या वहीत होती तीच. आईनं शिकवलेलं, म्हणाल्या. मी चाल विचारली. त्यांनी गुणगुणली, मी वरच्या कोपऱ्यात सूर लिहून घेतले, मग घरी येऊन पियानोवर बसवली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना ऐकवायला पेटी घेऊन गेले. दोन ओळी झाल्यावर त्यांनी हात वर केला.

"परत घे," त्या म्हणाल्या. "पण इतकं हळू नको."